गाडी कोणाच्या हाती देता?
नागभीडच्या रस्त्यावरचा हिशेब, जो वहीत लिहिला जात नाही

नागभीड हे गाव लहान असले तरी रस्त्यांच्या हिशेबाने मोठे आहे. नागपूरहून उमरेड, भिवापूर करीत येणारा ३५३ डी क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग येथून पुढे ब्रह्मपुरी आणि आरमोरीकडे जातो. तळोधी, सिंदेवाही, मूल या गावांवरून चंद्रपूरचा रस्ता येथेच येऊन मिळतो. गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरचे हे जंक्शन. जंक्शन म्हणायचे ते नागपूरहून येणाऱ्या छोट्या गाडीमुळे. ती नॅरोगेज गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली. गाडी हळू चालत असे, लोक तिची चेष्टाही करीत. पण ती कोणाला धडकत नसे. ती बंद झाल्यावर तिच्यातली बोचकी, टोपल्या आणि माणसे रस्त्यावर आली. कोणी काळी-पिवळीत बसले, कोणी मोटारसायकल घेतली, ज्याच्याजवळ थोडी पुंजी होती त्याने हप्त्यावर पिकअप घेतला.

आमचे वाचक या भागात काय काय करतात ते आम्हास चांगले ठाऊक आहे. फळांचा धंदा, कापडाची बाजारोबाजारची दुकाने, बांगड्या, गाद्या-रजया, शेळ्यांची खरेदी-विक्री, चिकन-मटण, भंगार, वेल्डिंग, मोटर गॅरेज, पंक्चर आणि टायर, फर्निचर. यांतला एकही धंदा आज चाकाशिवाय चालत नाही. आठवडी बाजार करणाऱ्याची गाडी हेच त्याचे दुसरे दुकान असते. दुकानाला आपण चांगले कुलूप लावतो, वजनकाटा तपासून घेतो, उधारीची वही सांभाळतो. मग लाखो रुपयांची गाडी आणि तिच्यासोबत येणारी जोखीम कोणाच्या हाती देतो, याचा विचार किती जण करतात? हा प्रश्न आम्हास नागभीडच्या बस स्टँडजवळच्या एका गॅरेजमध्ये बसलो असताना पडला. तो कसा पडला ते आधी सांगतो.

गॅरेजमध्ये एक पिकअप ताडपत्री टाकून उभा होता. समोरचा भाग डाव्या बाजूने दबलेला. आम्ही मिस्त्रींना विचारले की ही गाडी दुरुस्तीला आली आहे काय. मिस्त्री म्हणाले, "दुरुस्तीचं नाही साहेब, ते चाचांचं प्रकरण आहे. गाडी सुटून आली कोर्टातून, पण चाचा हात लावत नाहीत."

चाचा म्हणजे येथील एक फळविक्रेते. नाव आम्ही देत नाही, त्यांची तशी विनंती आहे. पंचवीस-तीस वर्षांचा धंदा. नागपूरच्या कळमना मार्केटातून केळी, सफरचंद, टरबूज, आंबा आणून नागभीड आणि आसपासच्या बाजारात विकायचा. पूर्वी स्वतःच गाडी चालवीत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर रात्रीची गाडी जमेना, म्हणून पुतण्याला बसवले. पुतण्या एकोणीस वर्षांचा. चाचांच्या शब्दांत, "पोरगं त बारा वर्षांचं असतानापासून ट्रॅक्टर चालवते. हात बसला होता तेचा. लायसन काढू काढू म्हणता राहून गेलं."

२०२५ च्या मार्च महिन्यातले रमजानचे दिवस. फळांच्या धंद्याची तेजी याच महिन्यात असते हे वाचकांस सांगायला नको. एक दिवसाआड कळमन्याची फेरी चालली होती. मुलगा मध्यरात्रीनंतर निघे, पहाटेच्या लिलावाला पोहोचे, वाटेतच सहेरी करी, माल भरून परत येई आणि मग संध्याकाळपर्यंत दुकानावर उभा राही. त्या दिवशी माल मिळायला उशीर झाला. दुपार टळल्यावर तो नागपुरातून निघाला. इफ्तारीला घरी पोहोचायचे होते. भिवापूर मागे पडले, सव्वासहाचा सुमार झाला, उजेड धड नाही आणि अंधारही धड नाही अशी ती वेळ. पुढे एक मोटारसायकल चालली होती, तिचा मागचा दिवा लागत नव्हता. मुलाला ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. मोटारसायकलवर तिशीच्या आतला एक गवंडी होता. कामावरून घरी चालला होता. तो जागीच गेला. घरी त्याची आई, बायको आणि दोन लहान मुले.

चाचांनी त्या घरी जाऊन माफी मागितली. गावातल्या मंडळींनी मिळून काही रक्कमही दिली. परंतु कायदा आपल्या वाटेने चालतो. मुलावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा दाखल झाला. पूर्वी या गुन्ह्यास जास्तीत जास्त दोन वर्षे कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत झाली आहे. दुसरे प्रकरण चाचांवर, गाडीचे मालक म्हणून. गवंड्याच्या बायकोने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा लावला आहे. गाडीचा विमा होता. चाचांना वाटले, चला, एवढे तरी आहे. पण विमा कंपनीने लेखी जबाबात म्हटले की चालवणाऱ्याजवळ लायसन्स नव्हते, मालकास ते माहीत होते, म्हणून जबाबदारी आमची नाही.

येथे थोडे थांबून हा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण आमच्या अनुभवाने शंभरांतल्या नव्वद गाडीमालकांना तो माहीत नसतो.

अपघातातल्या मृत्यूची भरपाई न्यायाधिकरण अंदाजाने ठरवीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत त्याची रीत घालून दिली आहे. समजा मरण पावलेला माणूस अठ्ठावीस-तीस वर्षांचा, स्वतःच्या हातावर कमावणारा, महिन्याला १५ हजार रुपये मिळवणारा आहे. पुढे त्याची कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २१ हजार. वर्षाचे झाले २ लाख ५२ हजार. घरी चार माणसे त्याच्यावर अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करायचा. राहिले १ लाख ८९ हजार. या वयाला गुणक १७ चा आहे. गुणाकार केला की आकडा येतो ३२ लाख १३ हजार. अंत्यसंस्कार वगैरेची रक्कम आणि व्याज वेगळेच. एका गवंड्याच्या जिवाची ही किंमत आहे असे आम्ही म्हणत नाही, जिवाला किंमत नसते. परंतु मालकाच्या दारात येणारा कागद या आकड्याचा असतो.

आता ही रक्कम कोणी द्यायची? कायद्याप्रमाणे रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वरणसिंग यांच्या प्रकरणात असे ठरवले की लायसन्स नव्हते एवढ्यावरून विमा कंपनीस पीडित कुटुंबाला वाऱ्यावर सोडता येत नाही. मालकाने जाणूनबुजून अट मोडली हे कंपनीला सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले तर न्यायालय कंपनीला आधी पैसे द्यायला लावते आणि मग ते मालकाकडून वसूल करण्याची मोकळीक देते. म्हणजे गवंड्याच्या मुलांना पैसे मिळतील, ही समाधानाची गोष्ट. पण वसुलीची नोटीस चाचांच्या घरावर, प्लॉटवर आणि दुकानावर येऊ शकते. चाचांच्या प्रकरणाचा निकाल अजून लागायचा आहे. त्यांनी बायपासकडचा प्लॉट विकायला काढलेला नाही, पण कोणी विचारले तर भाव सांगतात.

याच निकालाची दुसरी बाजू मालकाच्या फायद्याची आहे. ज्या मालकाने ड्रायव्हर ठेवताना लायसन्स पाहिले, खरे-खोटे करून घेतले, चालवणे पाहिले आणि मगच गाडी हाती दिली, त्याच्यावर अट मोडल्याचा ठपका सहसा बसत नाही. पुढे ते लायसन्स खोटे निघाले तरीसुद्धा. तेव्हा ड्रायव्हरच्या लायसन्सची झेरॉक्स गल्ल्यात ठेवा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून ते खरे आहे काय, कोणत्या गाडीसाठी आहे, मुदत कधी संपते हे पाहता येते. पाच मिनिटांचे काम आहे. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत असे, ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली. वर्षभर नूतनीकरण राहिले तर चाचणी पुन्हा द्यावी लागते.

मुलाचे वय ही आणखी एक गोष्ट. मोटारसायकल अठराव्या वर्षी चालवता येते, पण मालवाहू किंवा भाड्याच्या गाडीसाठी वीस वर्षे पूर्ण लागतात. चाचांच्या पुतण्याने लायसन्स काढले असते तरी एकोणिसाव्या वर्षी तो पिकअप चालवू शकत नव्हता. ही अट आम्ही त्या दिवशी गॅरेजमध्ये बसलेल्या सहा जणांना विचारली. एकालाही माहीत नव्हती, आणि त्यांतले तिघे गाडीमालक होते. अठराच्या खालच्या मुलाचे तर बोलायलाच नको. २०१९ पासून अल्पवयीन मुलाने अपघात केला तर पालक किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी एक वर्षासाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाने भरधाव मोटारीखाली दोघांचा जीव घेतल्यावर देशभर गदारोळ झाला. ती श्रीमंताची गोष्ट म्हणून आपण वर्तमानपत्र बाजूला ठेवले. आपल्या गल्लीत नववीतला पोरगा चिकनची पार्सले स्कूटरवर पोचवतो, ती कोणाची गोष्ट आहे?

दिलासा देणारीही एक बाब सांगितली पाहिजे. ज्याच्याकडे हलक्या मोटारीचे लायसन्स आहे त्याला साडेसात हजार किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी वेगळी नोंद लागते काय, यावर बरीच वर्षे वाद होता. विमा कंपन्या याच मुद्द्यावर दावे नाकारीत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळी नोंद लागत नाही असे सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच कायम केले. आपले छोटा हत्ती आणि पिकअप यांत बसतात. आठवी पास असण्याची अटही २०१९ साली निघाली. शाळा सुटलेल्या पण हुशार मुलांचा रस्ता त्यामुळे मोकळा झाला आहे.

विम्याबाबत आपल्यात मतभेद आहेत, ते आम्हास ठाऊक आहे. तो विषय जाणकारांनी बोलावा, हे पान त्यासाठी नाही. तिऱ्हाइताचा विमा ही देशाच्या कायद्याची सक्ती आहे आणि त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, एवढेच येथे नोंदवतो.

पण विमा असला म्हणजे गाडीत बसलेल्या प्रत्येकाचा विमा झाला, हा समज चुकीचा आहे. आपला व्यापारी बाजाराला जाताना मालासोबत पिकअपमध्ये बसतो. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस म्हणून त्याला १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण आहे. परंतु वाटेत हात दाखवला म्हणून घेतलेले चार जण, धानाच्या रोवणीला नेलेल्या वीस बाया, मिरची तोडायला तेलंगणाच्या बाजूला निघालेले मजूर, यांची जबाबदारी मालवाहू गाडीच्या विम्यावर कायद्याने येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी यांच्या प्रकरणात ते स्पष्ट केले आहे. रोवणीच्या दिवसांत या भागातला रस्ता पाहावा. पिकअपच्या मागच्या फळीला धरून बाया उभ्या, चिखलाने टायर भरलेले, आणि गाडीवाल्याला दिवसाचे चार पैसे जास्त मिळाल्याचा आनंद. तो आनंद एका वळणाचा आहे.

आता रस्त्याकडे येऊ. या भागातले रस्ते पूर्वीपेक्षा चांगले झाले आहेत, आणि धोका तेथेच वाढला आहे. पूर्वी खड्डाच गाडीला आवरीत असे. ४ जून २०२३ रोजी नागभीड–नागपूर रस्त्यावर कान्पा गावाजवळ कार आणि खासगी बस यांची टक्कर झाली, कारमधली किमान पाच माणसे गेली. त्याआधी १९ मे २०२२ च्या रात्री चंद्रपूर–मूल रस्त्यावर अजयपूरजवळ लाकडाचा ट्रक आणि डिझेलचा टँकर भिडले आणि लागलेल्या आगीत नऊ जण जळाले. ते ट्रकवरचे मजूर आणि चालक, म्हणजे आपल्यासारखीच रोजीसाठी निघालेली माणसे. देशाचा आकडा पाहिला तर २०२२ साली १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांतली १५ हजार २२४ महाराष्ट्रातली. जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची होती.

वेग म्हणजे काय हे आपण काट्यावर वाचतो, मीटरमध्ये मोजत नाही. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चांगल्या ड्रायव्हरला साधारण एक सेकंद लागतो. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, थांबायला आणखी वीस मीटर. म्हणजे एकूण सदतीसच्या आसपास. हीच गाडी ऐंशीने असेल तर थांबायला अठ्ठावन्न मीटर लागतात. हेडलाइट खालच्या टप्प्यावर असताना धड दिसते ते चाळीस-पन्नास मीटर. याचा अर्थ रात्री ऐंशीने चालवणारा माणूस जे त्याला दिसतच नाही त्याच्यावर जाऊन आदळायला निघालेला असतो. माल भरलेला असेल, रस्ता ओला असेल, टायर गुळगुळीत असेल तर हे सर्व आकडे वाढवून धरावेत. आणि डोळा लागला तर? चार सेकंदांची डुलकी साठच्या वेगाने सदुसष्ट मीटरची होते. गाडी तेवढे अंतर बिनड्रायव्हरची जाते.

शहरातल्या ड्रायव्हरला जे माहीत नसते ते या जंगलपट्ट्यातल्या माणसाला माहीत असायला हवे. घोडाझरीचे जंगल २०१८ पासून अभयारण्य आहे, आणि पलीकडे ताडोबा. संध्याकाळी आणि पहाटे चितळ, रानडुक्कर, रोही रस्ता ओलांडतात. एक चितळ गेले म्हणजे रस्ता मोकळा झाला असे समजू नये, मागून दुसरे येतेच. स्टिअरिंग एकदम वळवून झाडावर जाण्यापेक्षा सरळ रेषेत ब्रेक दाबणे बरे, असे जुने ट्रकवाले सांगतात आणि ते खरे आहे. वाघ दिसला की गाडी आडवी लावून मोबाईल काढणाऱ्यांविषयी आम्ही काही लिहीत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचणारी माणसे अंधारातच रस्त्याकडेने निघतात. मळणीच्या वेळी तणीस आणि धान रस्त्यावर येते, त्यावर मोटारसायकल घसरते. आणि बैलबंडी व ट्रॅक्टरची ट्रॉली, ज्यांना मागे दिवा नसतो. आमच्या वेल्डिंगवाल्या बंधूंना येथे एक काम सुचवतो. ट्रॉली दुरुस्तीला आली की मागे लाल परावर्तक पट्टी लावूनच परत द्यावी. खर्च चहाच्या चार कपांचा. फर्निचरवाल्यांनीही फळ्या आणि पाइप गाडीबाहेर काढून नेऊ नयेत. कायद्यात त्यास २० हजारांचा दंड आहे, आणि रात्री मागून येणाऱ्याला तो पाइप दिसत नाही.

गॅरेजमध्ये बसलो होतो तेव्हा मिस्त्रींनी स्वतःच एक गोष्ट कबूल केली. गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्त झाली की ट्रायल घ्यायला ते सोळा-सतरा वर्षांच्या शागिर्दाला पाठवीत. ब्रेक नीट लागतो काय हे पाहायला ब्रेक न लागणारी गाडी, आणि चालवणारा बिनलायसन्सचा! गिऱ्हाईक विचारीत नाही, पोलीस गॅरेजवाल्याला ओळखतात, म्हणून हे चालत आले. कायद्याने ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्याने बिनलायसन्सच्या माणसाला ती देणे हा वेगळा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार दंड किंवा दोन्ही. चालवणाऱ्यालाही तेवढेच. चाचांची गाडी दारात आल्यापासून मिस्त्री ट्रायल स्वतः घेतात.

हे मिस्त्री पूर्वी मोठ्या गाडीवर क्लिनर होते. आपल्या लोकांत ड्रायव्हिंगची शाळा हीच. उस्तादाच्या शेजारी बसायचे, टायर बदलायचे, चहा आणायचा, माल उतरवायचा, आणि रात्री रस्ता मोकळा असेल तेव्हा उस्ताद म्हणे, "घे थोडा वेळ." या शाळेने उत्तम ड्रायव्हर दिले यात शंका नाही. गाडीचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे, घाटात गिअरवर गाडी सोडणारे, लोडचा तोल ओळखणारे. पण उस्ताद झोप घालवायला तंबाखू आणि गुटखा चघळे, समोरच्याला अप्पर मारी, वळणावर ओव्हरटेक करी, तेही शागिर्द शिकला. हात बसणे वेगळे आणि रस्ता कळणे वेगळे. वेल्डिंगच्या धंद्यात हात बसलेला कारागीरही काच लावल्याशिवाय ठिणगीकडे पाहत नाही. कोणी पाहिलेच तर त्याचा स्वतःचा डोळा जातो. रस्त्यावर मात्र दुसऱ्याचा जातो.

मोटर ट्रेनिंग स्कूलची स्थितीही सर्वत्र समाधानकारक नाही. चार-पाच जणांना एका गाडीत बसवायचे, प्रत्येकाच्या वाट्याला रोज पंधरा मिनिटे, रिव्हर्सचा आठ शिकवायचा आणि लायसन्स हाती द्यायचे. वास्तविक केंद्र सरकारने जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी जो अभ्यासक्रम ठरवला आहे, त्यात हलक्या गाडीसाठी चार आठवड्यांत २९ तास आहेत. त्यांतले २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे, ८ तास वर्गातले. जड वाहनास सहा आठवड्यांत ३८ तास. मुलाला शिकवायला पाठवताना स्कूलवाल्याला सरळ विचारावे की किती तास स्टिअरिंग त्याच्या हाती राहील, रात्री चालवायला मिळेल काय, माल भरलेली गाडी देणार काय. फी देताना आपण कापडाच्या मीटरवर हुज्जत घालतो, तशी येथे का घालू नये? लर्निंग लायसन्सची परीक्षा २०२१ पासून महाराष्ट्रात घरबसल्या देता येते. सोय चांगली, पण मुलाच्या जागी भलताच कोणी उत्तरे देतो असे आम्ही स्वतः पाहिले आहे. चिन्हांचा अर्थ न कळता मिळालेले लर्निंग काय कामाचे?

डोळ्यांचे तर फार लवकर करावे. चाळिशीनंतर आणि व्यावसायिक लायसन्ससाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. तो बहुतेक वेळा माणसाला न पाहता मिळतो. चाचांचा मोतीबिंदू दोन वर्षे अंगावर काढला गेला. सरकारी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया मोफत होते. ती वेळीच झाली असती तर गाडी कदाचित त्यांच्याच हाती राहिली असती. चाचा हे स्वतः बोलले, म्हणून आम्ही लिहितो.

हेल्मेटचे दोन शब्द. २०२२ साली हेल्मेट न घातलेली पन्नास हजारांवर माणसे या देशात मेली. आमचे काही वाचक रस्त्याकडेला हेल्मेट विकतात. १ जून २०२१ पासून आयएसआय खूण नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे गुन्हा आहे. दीडशे रुपयांची ती प्लॅस्टिकची टोपी पोलिसापासून वाचवते, रस्त्यापासून नाही. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला निदान खोटे सांगू नये.

ड्रायव्हरची झोप हा मालकाच्या खर्चाचा विषय आहे, हे व्यापाऱ्यांनी मान्य करावे. मोटार परिवहन कामगारांसाठी २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा कायदा दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगत असे. लहान मालकाला तो कायदा लागू नसे, पण शरीर सर्वांचे सारखेच. रमजानात कळमन्याची फेरी करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुकानावर उभे करू नये. गाडीत खजूर आणि पाणी ठेवावे, मगरिबची वेळ रस्त्यात झाली तर गाडी कडेला घेऊन तेथेच रोजा सोडावा. दस्तरखान घरचाच हवा या घाईत त्या दिवशी किती गाड्या ऐंशीच्या वर धावतात ते नागपूरपासून नागभीडपर्यंत कोणीही पाहावे.

अपघात झालाच तर पळू नये. जमावाची भीती खरी आहे; अशा वेळी सरळ जवळच्या ठाण्यात जाऊन हजर व्हावे, पण त्याआधी १०८ ला फोन करावा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्या तिऱ्हाइताला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाहीत, असे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीत आहे. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीवर नेमलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता करण्याची केंद्राची योजना लागू झाली आहे. दवाखान्याने अनामत मागितली तर हे सांगावे.

आम्ही निघालो तेव्हा चाचांचा पुतण्या गॅरेजमध्ये आला होता. आता वीस पूर्ण झाले आहेत. लर्निंग काढले आहे, ब्रह्मपुरीच्या एका स्कूलमध्ये जातो, आणि घरी आल्यावर मिस्त्रींच्या शेजारी बसून गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे ब्रेक सोडवायला शिकतो. आम्ही त्याला विचारले की परीक्षा कधी आहे. म्हणाला, पुढच्या शिबिरात. त्याच दिवशी चंद्रपूरला कोर्टाची तारीखही आहे, म्हणून बहुधा त्याच्या पुढच्या शिबिरात.

गवंड्याच्या घरी तो दर महिन्याला जातो. काय बोलतो ते त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

ताडपत्रीखालची गाडी चाचांनी अजून विकलेली नाही. हप्ते चालू आहेत.